सोंडेची गाडी

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. त्या वर्षी गाद्यावाल्यांच्या घरात पहिली नवी कोरी गाडी आली, आणि तिच्या सीटांवरचं प्लास्टिक निघायच्या आत तिला सोंड फुटली.

घर दुमजली. वर राहायचं, खाली कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून शिवणयंत्रं, मधोमध कापड बेतायचं टेबल, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की घरात तंतूंचं राज्य. चहाच्या कपात तंतू, कानात तंतू, सासऱ्यांच्या फोटोच्या काचेवर तंतू. त्या घरात कुणी शिंकलं तर कुणी ढुंकून बघत नसे. दिवसभर शिंकलं नाही, तर मात्र विचारत, बरं नाही का म्हणून.

या घरातल्या सुनेला सगळे उसवणबाई म्हणत. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. नवी नवरी असताना तिने गिऱ्हाइकाच्या देखत पूर्ण झालेली गादी उसवायला घेतली होती, का तर एका कोपऱ्यात शिवण वाकडी गेली होती. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या हो, चादरीखाली कोण बघतंय?" ही म्हणाली, "मी बघितलंय ना." त्या दिवसापासून उसवणबाई. तिला ते नाव मनातून आवडायचं, पण तसं तिने कधी कुणाला कळू दिलं नाही.

कारखान्यात सासऱ्यांनी घालून दिलेली एक रीत होती. शिवणाऱ्या प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग ठरलेला. सासूबाईंचा हिरवा, उसवणबाईचा लाल, कामाला येणाऱ्या दोघी बहिणींचे निळा आणि पिवळा. गादी पुरी झाली की आतल्या अंगाला, कोपऱ्यात, आपल्या रंगाची एक गाठ मारायची. बाहेरून ती दिसत नसे. पुढे कधी तक्रार होऊन गादी परत आली, तर कोपरा उघडून गाठ बघायची आणि जिची गाठ तिने मुकाट्याने गादी मांडीवर घ्यायची. ओरडा नाही, टोमणा नाही. मात्र दुसरीच्या गाठीची गादी भिडेपोटी आपल्या अंगावर घ्यायची नाही, हाही त्याच रितीचा भाग. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रीत तशीच चालू होती.

गाडी घेतली ती गाद्या पोचवायला. पुढे दोघांना बसायला जागा, मागे बंद डबा. शोरूममधल्या टायवाल्या साहेबांनी किल्ली हातात देताना सांगितलं होतं, "तीन वर्षं निर्धास्त राहा. काही झालं तर आम्ही बसलोय." उसवणबाईचा नवरा त्या वाक्यावर इतका खूश झाला होता, की येईल त्याला ते म्हणून दाखवायचा. माणूस गरीब स्वभावाचा. गाडी चालवायची, गाद्या चढवायच्या-उतरवायच्या आणि कुणाशी वाकड्यात जायचं नाही, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं.

घोडं अडलं ते अंगणात. गाडी उभी राहायची पिंजायच्या यंत्राशेजारी, कारण दुसरी जागाच नव्हती. इंजिनाला हवा जायची ती पुढच्या दिव्याखालच्या तोंडातून, जमिनीपासून हातभर उंचीवर. आणि अंगणात जमिनीवर कायम कापसाचा थर. गाडी सुरू झाली की तो थर आत. महिना होत नाही तोच गाडीला धाप लागायला लागली. चढावर तर मागून हातगाडीवाले हॉर्न मारल्यासारखे खाकरायचे.

कोपऱ्यावरच्या फिटरने बॉनेट उघडून एअर फिल्टर बाहेर काढला आणि उलटापालटा करून बघितला.

"वहिनी, ह्यात काही नाही तरी एक उशी भरून निघेल."

"चेष्टा पुरे. उपाय सांगा."

"उपाय कंपनीला विचारा."

कंपनीला विचारलं. टायवाले साहेब फोनवर म्हणाले, फिल्टर वरचेवर बदला, नाहीतर गाडी तिथे उभी करू नका. "मग गाद्या काय डोक्यावरून हमरस्त्यावर नेऊ?" असं हिने विचारल्यावर साहेब म्हणाले, तो तुमचा प्रश्न आहे. झालं. असं वाक्य कुणी उसवणबाईला सांगावं आणि ती गप्प बसावी, हे त्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं.

सुटीच्या दिवशी तिने पदर खोचला. हवेचं तोंड खाली आहे म्हणून कापूस जातो, तर तोंड वर न्यायचं, इतका तिचा सरळ हिशेब. पावसाचं पाणी उतरवायचा प्लास्टिकचा पाइप आणला. तो काचेच्या कडेने टपापर्यंत उभा केला आणि पट्ट्यांनी आवळला. काचेखालच्या प्लास्टिकच्या जाळीला भोक पाडून खालचं टोक आत घेतलं. गरम सुरीने फिल्टरच्या डब्याचं तोंड कापून ते टोक त्यात बसवलं. नव्या गाडीला भोक पडताना नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

"झालं का?" तो मधेमधे विचारत होता.

"तुमची मान मोडेल तशाने. झालं."

पाइपाच्या वरच्या टोकावर तिने स्टीलचं पातेलं उपडं बसवलं, पाणी जाऊ नये म्हणून. त्याखाली घट्ट विणीच्या सुती कापडाची पिशवी शिवून ओढून घेतली. पिशवीच्या आत, शिवणीच्या शेवटी, सवयीने लाल गाठ मारली.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हत्ती दिसतोय."

गल्लीत नाव पसरायला तेवढं पुरलं. गाडी कुठूनही गेली की मुलं सोंड आली म्हणायची. पण सोंडेची गाडी चढ असा चढायला लागली की नवऱ्याला गाणं सुचायला लागलं. आतला फिल्टर स्वच्छ राहायला लागला. कापूस अडायचा तो वरच्या पिशवीत, आणि पिशवी उसवणबाई आठवड्याला धुऊन वाळत घालायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग फिटर एकदा बोलून गेला, की शर्यतीच्या गाड्यांत असले कापडी फिल्टर असतात आणि त्यांना तेल लावतात, म्हणजे बारीक धूळ चिकटून बसते. एवढंच तो बोलला आणि पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला. कुठलं तेल, किती, कसं, ते राहिलंच. आता शिवणयंत्रावर जन्म गेलेल्या माणसाला तेल म्हटल्यावर एकच तेल ठाऊक. कात्री कुरकुरली, लाव तेल. दार वाजलं, लाव तेल. यंत्र जड चाललं, लाव तेल. उसवणबाईने पिशवी वाळली की तिच्यावर मशीनचं पातळ तेल सोडायला सुरुवात केली, आणि तेही हात सैल सोडून.

काही दिवसांनी गाडीला उचक्या लागल्या. समोरच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला तो विझेना. आणि त्याच सुमाराला, तिसरा गिअर टाकला की खालून गुरगुर यायला लागली. आधी हलकी. मग अशी, की पुढे चाललेला माणूस मागे वळून बघायचा.

फिटरने गाडी फिरवून आणली. त्याचा चेहरा उतरला होता.

"गिअरबॉक्स गेलाय, वहिनी. हे माझ्या हातचं नाही. वॉरंटीत आहे, कंपनीकडेच न्या." मग त्याने सोंडेकडे बघितलं. "पण ही घेऊन जाऊ नका. ठोकर खाल्लेल्या अशाच गाडीची जाळी आणि डबा आहे माझ्याकडे पडलेला. बसवून देतो. काम करून आणा, आलात की परत सोंड लावू. सगळे असंच करतात."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "हे बरं सुचलं तुला."

"काही बरं नाही सुचलं," उसवणबाई म्हणाली. "गाडी आहे तशी जाईल."

"अगं, बघितल्या बघितल्या हाकलून देतील."

"देऊ देत. पण मी केलेलं मी लपवून ठेवणार नाही. मी काय चोरी केली आहे?"

वर गेल्यावर सासूबाईंनीही लेकाची बाजू घेतली. गाडी बंद म्हणजे गाद्या बंद, हे त्यांना कळत होतं. "घरातली गोष्ट घरात ठेवायची असते. तू काय दवंडी पिटायला निघालीस?"

"आई, तुमच्या गाठीची गादी परत आली तर गाठ कापून टाकाल का?"

सासूबाई बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा ओवून झाला होता, तरी.

"एकदा कापली होती," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना कळलं. मला काही बोलले नाहीत. ती गादी घेऊन स्वतः शिवत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं." मग मान वर करून लेकाला म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. आहे तशी जाऊ दे."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सगळीकडे काच. जमीन अशी गुळगुळीत, की चपला वाजतील म्हणून नवरा चवड्यांवर चालत होता. सोंडेची गाडी आत शिरली तशी निळ्या कपड्यांतली कामगार पोरं पाने खाली ठेवून जमा झाली. एकाने पातेल्यावर टिचकी मारली. टायवाले साहेब बाहेर आले, बॉनेटखाली वाकले आणि सरळ होताना त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं.

"मॅडम, हे कुणी केलंय?"

"मी."

"गाडीत फेरफार म्हणजे वॉरंटी संपली."

"कशाची?"

"गाडीची. सगळी."

"आधी गाडीला काय झालंय ते तर बघा."

त्यांनी बघितलं. मेकॅनिकने इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतून एक बोटाएवढा सेन्सर काढून दाखवला. आत येणारी हवा मोजायची त्याची बारीक तार तेलाने लडबडली होती, त्यामुळे उचक्या. आणि गिअरबॉक्स न उघडताच आवाजावरून सांगितलं, की आत काहीतरी तुटलंय, त्यामुळे गुरगुर.

उसवणबाईने सेन्सर नाकाशी नेला. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. इतके दिवस ती फिटरला, रस्त्याला आणि कंपनीला बोल लावत आली होती.

"हे तेल माझं आहे," ती म्हणाली. "शिवणयंत्राचं. पिशवीला मी लावत होते."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. साहेबांना मात्र हायसं वाटलं. "बघा, तुम्हीच कबूल करताय."

"करतेय ना. हा सेन्सर माझ्या चुकीने गेला, त्याचे पैसे मी देणार. गिअरबॉक्सचे देणार नाही."

"मॅडम, नियम आहे. बदल केला की वॉरंटी रद्द."

"मी हवेच्या वाटेत बदल केला. गिअरबॉक्सला हवा लागते का? उद्या दाराची कडी निघून हातात आली, तर तीही सोंडेमुळेच म्हणाल."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी मान वळवल्यावर थांबलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वर जाब द्यायचा होता. त्यांनी दोघांना केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं आणि आवाज खाली आणला. म्हणाले, असं करू. सोंड इथेच काढून टाकू. बिघाड तुमच्या फेरफारामुळे झाला असं लिहून द्या, मग मी माणुसकी म्हणून गिअरबॉक्स अर्ध्यात बसवून देतो. कागद पुढे सरकवला. नवऱ्याने कागद वाचलाही नाही, पेन उचललं.

"अहो, पेन खाली ठेवा."

"अगं, अर्ध्यात म्हणतायत ते."

"अर्ध्यात नको आणि माणुसकीही नको. ज्याचं काम त्याने करावं, एवढंच म्हणणं आहे." ती साहेबांकडे वळली. "आमच्याकडे गादी परत आली की कोपरा उघडून बघतात, कुणाची गाठ आहे. माझी निघाली तर मी उसवते. दुसरीची निघाली तर मी हात लावत नाही. तुम्ही गिअरबॉक्स उघडा. आत माझ्या कापसाचा एक तंतू निघू दे, माझ्या तेलाचा एक थेंब निघू दे, सगळे पैसे मोजते आणि तुमच्या कागदावर सही करते. नाही निघाला तर ती गाठ तुमची."

"उघडायला वरून परवानगी लागते."

"मग मागा. मी थांबते."

"आज नाही येणार परवानगी."

"माझं कुठे काय अडलंय?"

अडलं होतं पुष्कळ. गाद्या कारखान्यात पडून होत्या, गिऱ्हाइकं खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, आज तरी घरी बस. तिने कापडाचा गठ्ठा, सुया, दोरे आणि कापसाचं एक पोतं रिक्षात घातलं आणि सर्व्हिस सेंटरच्या गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर जाऊन बसली. उशा भरायला घेतल्या. गाडी इथे अडकली तर काम इथे, असं तिचं म्हणणं. दुपारपर्यंत काचेच्या त्या खोलीत तंतू उडायला लागले. साहेबांच्या टायवर बसले. नव्या गाडीच्या काळ्या टपावर तर असे उठून दिसले, की पुसणारा पोऱ्या रडकुंडीला आला.

"मॅडम, इथे असं बसता येणार नाही."

"सोफा गिऱ्हाइकांसाठी आहे ना? मी गिऱ्हाईक नाही का?"

"पण हा कापूस."

"तो माझाच आहे, मी नाकारतच नाही."

येणारे-जाणारे थांबायचे. बाहेर उभी सोंडेची गाडी कुणाची, म्हणून विचारायचे. ती सगळं सांगायची, अगदी मशीनच्या तेलासकट. कंपनीला शिव्या देत नव्हती, रडत नव्हती. "तेल माझं होतं, ते मी भरणार. गिअरबॉक्स त्यांचा आहे, तो त्यांनी बघावा," इतकंच. साहेबांना हेच जड जायला लागलं. भांडणाऱ्या बाईला बाहेर काढता आलं असतं. स्वतःची चूक आधी सांगणाऱ्या बाईचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

असं काही दिवस चाललं. नवरा दुपारी डबा घेऊन यायचा, शेजारी बसायचा, पोत्यातून कापूस पिंजून द्यायचा. पहिल्या दिवशी तो मान खाली घालून बसला होता. पुढे पुढे उशांना टोकं काढून द्यायला लागला. साहेबांनी त्याला एकदा बाजूला घेतलं. "तुम्ही तरी समजावा त्यांना."

तो म्हणाला, "समजावून बघितलं. मलाच समजलं."

अखेर वरच्या कार्यालयातून एक इंजिनिअर आल्या. बोलणं मोजकं, बाह्या वर दुमडलेल्या. त्यांनी सोंडेभोवती एक फेरी मारली, पातेलं उचलून बघितलं, पण हसल्या नाहीत. गिअरबॉक्स खाली उतरवून उघडायला लावला. उसवणबाईला जवळ बोलावलं. आतलं तेल दाट आणि सोनेरी होतं. त्यात धातूचे बारीक चमकते कण होते आणि एका बेअरिंगची कडी तुटून आडवी पडली होती. कापूस नव्हता. इंजिनिअरबाईंनी कडी चिमटीत धरून उजेडात फिरवली.

"हे आतून तुटलंय. हवेचा इथे संबंध नाही. बदलून द्या," त्या साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. मग उसवणबाईला म्हणाले, "ठीक आहे, गिअरबॉक्स आमचा. सेन्सरचं बिल तुमचं. पण एक राहिलं. ही सोंड असेपर्यंत इंजिनाची वॉरंटी मला देता येणार नाही. काढून मूळचा डबा बसवलात तर लगेच चालू करतो. नाहीतर उरलेल्या मुदतीत इंजिनाला काही झालं, तर आम्ही बसलोय असं म्हणता येणार नाही."

हे मात्र खरं होतं, आणि न्यायाचंही होतं. ते कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती. सोंड ठेवायची तर इंजिन आपल्या जबाबदारीवर. काढायची तर पुन्हा अंगणातला कापूस आणि पुन्हा धाप. तिने नवऱ्याकडे बघितलं. इतकं सगळं झाल्यावर हा माणूस आता तरी निर्धास्त राहायचं म्हणेल, असं तिला वाटलं, आणि म्हणाला असता तर तिने ऐकलंही असतं.

नवऱ्याने घसा साफ केला. "साहेब, गाडी मी चालवतो. चढ मला चढायचे असतात. इंजिन आमचं आम्ही बघू."

"नीट विचार करा."

"केला." त्याने पेन उचललं, उसवणबाईकडे बघितलं, तिने मान हलवल्यावर इंजिनाची वॉरंटी सोडल्याच्या कागदावर सही केली. तो कागद त्याने आधी पूर्ण वाचला, दोनदा.

गाडी घेऊन दोघं निघाली तेव्हा निळ्या कपड्यांतल्या पोरांपैकी एकाने फाटक उघडून धरलं. चढाला तिसरा गिअर पडला, आणि खालून हूं की चूं नाही.

पुढे त्या पिशवीला तेलाचा थेंब लागला नाही. उसवणबाईने दुहेरी कापड घातलं आणि कोरडंच ठेवलं. वॉरंटी संपायच्या आत इंजिनाने एकदा दगा दिला, पाण्याचा पंप गळायला लागला. सोंडेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण इंजिनाची वॉरंटी सोडून दिलेली होती, म्हणून पैसे घरातून गेले. त्यावर ती कुरकुरली नाही असं नाही. आठवडाभर कुरकुरली, फक्त घरात. गाडी त्यानंतर बरीच वर्षं धावली आणि शेवटी एका सुताराने घेतली. त्याने पहिल्याच दिवशी सोंड काढून टाकली, कारण त्याच्या दारात कापूस नव्हता.

फिटरने पीठगिरणीवाल्याला आणि लाकडाच्या वखारवाल्याला तशाच सोंडा करून दिल्या. तेल लावू नका, हे तो प्रत्येकाला पैसे घ्यायच्या आधी सांगायचा. टायवाल्या साहेबांनी नोकरी सोडून विम्याचं काम धरलं. मुलीच्या लग्नाच्या वेळी गाद्या करून घ्यायला ते याच कारखान्यात आले आणि घासाघीस न करता गेले. इंजिनिअरबाई पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. कामाला येणाऱ्या दोघी बहिणींतली एक लग्न होऊन परगावी गेली, दुसरीने स्वतःचा कारखाना काढला. सासूबाई पिकल्या वयात, दुपारची झोप लागली असताना गेल्या. नवऱ्याच्या डोळ्यांवर पडदा आला आणि नंतर घेतलेली गाडी त्याच्या हातून सुटली. तो शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगायला लागला, कारण साठी उलटल्यावर उसवणबाईने गाडी चालवायचं शिकून घेतलं. परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, कारण परीक्षकाशी वाद घातला. दुसऱ्या वेळीही घातला, पण तोवर गाडी रेघेत नीट लावून झाली होती.